समुद्रफुलं माझ्या गळ्यात मारून गेलीस

प्रिय अक्का,

'प्रिय' हा शब्द दातओठ खात लिहिला आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

तू गेलीस तेव्हा पोंगल नुकता होऊन गेला होता. आता कत्तिरी चालू आहे, वर्षातलं सगळ्यात जहाल ऊन. मागच्या अंगणात अनवाणी पाय ठेवला तर चटका बसतो. अशा भर दुपारी पंख्याखाली आडवं व्हायचं सोडून मी तुला पत्र लिहायला बसलो आहे. का? कारण आज सकाळी तुझी लाडकी कयल येऊन गेली, आणि ती जे सांगून गेली त्यावरून मला तुझ्याशी कडाकडा भांडायचं आहे. आणि भांडायला तू जागेवर नाहीस! आयुष्यात एकदाही भांडण अर्धवट टाकून गेली नव्हतीस. नेमकी आत्ताच कशी गेलीस?

मराठीत लिहितो आहे, कारण तमिळमध्ये भांडलो तर तंजावरच्या या सगळ्या मेलवीथी रस्त्याला ऐकू जाईल. तसंही तू गेल्यावर या घरात मराठी बोलणारा मी एकटाच उरलो. वासू कोइमतूरहून फोन करतो, 'अप्पा, जेवण झालं की?' एवढं मराठीत विचारतो आणि लगेच तमिळवर येतो. त्याच्या पोरीला सगळं कळतं, पण तोंडातून शब्द काढत नाही. मग मी कोणाशी बोलतो, ठाऊक आहे? तुझ्या टँकशी. वडिलांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्या दोघांकडून पाटीवर बाराखडी गिरवून घेतली नसती, तर हे पत्रसुद्धा मला त्या टँकसमोर उभं राहून म्हणून दाखवावं लागलं असतं.

तर मुद्द्यावर येतो. तुझी समुद्रफुलं पांढरी पडली आहेत. सगळीच्या सगळी. तुझ्या वेळी फिल्टर कॉफीच्या रंगाची, जिऱ्याएवढ्यापासून सुपारीएवढ्यापर्यंतची ती मंडळी दगडाला चिकटून हात हलवत बसलेली असायची. तिथे आता इडियप्पमच्या शेवयांसारखं काहीतरी पाण्यात डोलतं आहे.

मेलेली नाहीत, असं कयल म्हणते. तूही तेच म्हणायचीस, पांढरं म्हणजे मेलेलं नव्हे, उपाशी. पण उपाशी जीव किती दिवस काढेल, हे कोणी सांगत नाही. रविवारी कयल परत येणार आहे. टँक तिने कॉलेजात न्यायचा की माझ्याकडेच राहू द्यायचा, हे मी तोवर ठरवायचं आहे. पापनाशमची ही पोर तुझ्या हाताखाली शिकली आणि आज तुझ्याच जागेवर प्राणिशास्त्र शिकवते, तिच्याकडे गेली तर ती जगतील हे जवळजवळ नक्की. माझ्याकडे राहिली तर काय होईल ते तूच सांग. माझ्यावर विश्वास तुझा होता, माझा नाही.

आठवतो का, टँक या घरात आला तो दिवस? निवृत्त होऊन, कॉलेजचं क्वार्टर सोडून तू माझ्याकडे राहायला आलीस. माणसं येताना भांडीकुंडी आणतात. तू ऑटोतून मांडीवर काचेची पेटी घेऊन उतरलीस आणि पहिलं वाक्य काय बोललीस? 'शामू, हळू धर की, सांडशील!' मला वाटलं रंगीत मासे असतील. बघतो तर दगडावर तपकिरी बोंडं!

'हे काय ग?'

'समुद्रफुलं. चेन्नईस माशांच्या दुकानात फेकून देत होते. टँकात एकदा आली की जात नाहीत म्हणून दुकानवाला शिव्या देतो यांस.'

'म्हणजे तण?'

'तणच म्हण.'

पापनाशमच्या आपल्या शेतात मी जन्मभर तण उपटत आलो, आणि माझ्या सख्ख्या बहिणीने माझ्या दिवाणखान्यात तण आणून लावलं! तेही खाऱ्या पाण्यात. कावेरीच्या या मुलुखात खारं पाणी म्हणजे काय असतं, हे तुला सांगायला हवं होतं का? खालच्या अंगाला, समुद्राजवळ ज्यांची शेतं आहेत, त्यांच्या विहिरी खाऱ्या झाल्या की माणसं जमीन टाकून तिरुप्पूरला कापडाच्या कारखान्यांत कामाला जातात. आणि आमच्या घरात समुद्राला बसायला पाट!

खरी पोवळी का आणली नाहीस म्हणून विचारलं, तर म्हणालीस, 'पोवळ्यांस घरात ठेवायास कायद्याची मनाई आहे. हे त्यांचं चुलत भावंड. अंगातलं शेवाळ त्याच जातकुळीचं.' मग त्या शेवाळाची गोष्ट आली. ती तू कॉफी पिता पिता सांगितलीस आणि मी मध्ये मध्ये बोलून तुझं डोकं खाल्लं.

'पाहा की, हा रंग यांचा स्वतःचा नव्हे. अंगात शेवाळ बसलंय, डोळ्यास दिसत नाही एवढं बारीक. ते उन्हावर रांधतं आणि त्यातलं यांस वाढतं. पोवळ्यांचंही तसंच.'

'फुकट?'

'फुकट कसं? यांनी राहायास जागा दिली. आणि यांच्या अंगातून जी घाण निघते, तेच त्याचं खत.'

'मग बेश चाललंय की.'

'चाललंय. पाणी तापेपर्यंत.'

पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा जरासंच जास्त तापलं आणि आठवडेच्या आठवडे तसंच राहिलं, की शेवाळाचं रांधणं बिघडतं. त्यातून विषासारखं काहीतरी निघायला लागतं. मग पोवळं आपल्याला वाढणाऱ्यालाच अंगाबाहेर काढून टाकतं. रंग जातो, आतला पांढरा सांगाडा दिसायला लागतो. पाणी लवकर निवलं तर शेवाळ पुन्हा वस्तीला येतं, नाही निवलं तर पोवळं उपासाने मरतं. हे सगळं तू मला बोटाने हवेत चित्रं काढत सांगितलंस.

मी शेतकरी माणूस. बांधावरच्या भांडणात आधी चूक कोणाची ते ठरवायचं असतं. म्हटलं, 'चूक कोणाची? हाकललं त्याची, की विष केलं त्याची?'

'दोघांचीही नव्हे रे. पाणी तापवलं त्याची.'

'म्हणजे कोणाची?'

'तुझी, माझी. असक्यांची.'

मी पेपर तोंडासमोर धरला. सकाळी सकाळी सगळ्या जगावरचा एवढा मोठा आरोप कोण ऐकून घेणार?

आणि तुझं ते दर उन्हाळ्यात तुतिकोरीनला जाणं! मन्नारच्या आखातातल्या बेटांभोवती पोवळ्यांची पाहणी करणाऱ्या मंडळींबरोबर. साठी उलटलेली बाई पाठीला हवेची टाकी बांधून पाण्यात उडी घेते, हे मी शेजारपाजारी कधीच सांगितलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायचो, मदुरैला लग्नाला गेली आहे. एवढी लग्नं मदुरैत कोणाची होतात, असं एकदा समोरच्या बाईंनी विचारलंच.

गेल्या उन्हाळ्यात तिथून आलीस. पिशवी ओसरीवर टाकलीस, ताक दिलं तर घेतलं नाहीस. मी खोदून खोदून विचारल्यावर मोबाइलवरचा फोटो माझ्या नाकासमोर धरलास. पाण्याखाली दूरवर सगळं पांढरंशुभ्र. मला ते फार देखणं वाटलं, दारातल्या तांदळाच्या पिठाच्या कोलमसारखं, आणि मी तसं म्हटलं. तेव्हा तू जी कडाडलीस!

'देखणं? शामू, असका गाव उपाशी बसलाय तेथे!'

मला काय ठाऊक? पांढरं ते वाईट, हे कुठल्या शाळेत शिकवतात? माझ्यावर का ओरडलीस? पण त्या दिवशी तू जेवली नाहीस, आणि मग मलाही घास उतरला नाही.

मग इस्पितळ. नाकात नळी, चार शब्द बोलायला धाप. मला वाटलं, आता काहीतरी मोठं सांगशील. बहीण भावाला शेवटी काय सांगते? देवाधर्माचं, शेताचं, पोराबाळांचं. तू काय म्हणालीस? 'टँक तूच पाहा, शामू. कयलकडे देऊ नको इतक्यात.' बस! त्यानंतर तू जे काही बोललीस ते नर्सशी बोललीस, आणि तेही सलाइनबद्दल.

आता मला सांग, मीच का? कयलकडे प्रयोगशाळा आहे, एसी आहे, जनरेटर आहे. तुझ्या हाताखालून गेलेल्या मुली कन्याकुमारीपासून चेन्नईपर्यंत पसरल्या आहेत. त्या सगळ्यांना सोडून, ज्याने समुद्रफूल पहिल्यांदा बघून तण म्हटलं, त्याच्या गळ्यात ही धोंड बांधायची म्हणजे काय?

तरी मी केलं. नाकी नऊ आले, पण केलं. मुंगीहून बारीक झिंग्यांची ती अंडी मिठाच्या पाण्यात घालून उबवायची, मग निघालेली पिल्लं ड्रॉपरमध्ये घेऊन एकेका फुलाच्या तोंडाशी सोडायची. करंट गेला की इन्व्हर्टर आधी टँकच्या पंपाला, मग माझ्या पंख्याला. मी घामाने निथळतो आणि ही मंडळी बुडबुड्यांत मजेत! वासू म्हणाला, 'अप्पा, आमच्याहून त्या जेलीस जास्त पाहता तुम्ही.' जेली! मी फोन ठेवून दिला.

चैत्रातच पारा चढायला लागला. मला तुझं बोलणं आठवलं, पाणी तापलं की संपलं. आता तूच सांग, आपल्या घरात उन्हाळ्यात एखादी गोष्ट उष्म्याने खराब होऊ लागली तर कुठे ठेवतात? भाताच्या कोठीत. लोणच्याच्या बरण्या, आंबे, बियाण्याची पोती. तापाने फणफणलो की आपल्यालासुद्धा आई कोठीतच निजवायची. जाड भिंती, खिडकी नाही, काळोख आणि गारवा. शेजाऱ्याला हाताशी घेऊन मी टँक उचलला आणि कोठीत नेऊन ठेवला. पाणी काय सुरेख निवलं! तुझ्या फोटोसमोर उभा राहून मी तुला ऐकवलंही, की तुझ्या शिकलेल्या मुलींना सुचलं नसतं ते तुझ्या अडाणी भावाला सुचलं.

आणि हळूहळू एकेक करून सगळी पांढरी पडत गेली. गार पाण्यात! मी टॉर्च लावून त्यांना भरवत होतो आणि ती माझ्या डोळ्यांदेखत विरळ होत होती. शेवटी हात टेकले आणि कयलला फोन केला.

आज ती पहिल्या बसने आली. कोठीचं दार उघडून आत पाहिलं आणि भिंतीवर दिव्याचं बटण चाचपायला लागली. ती बोलली तमिळमध्ये, मी मराठी करून लिहितो.

'सर, काळोखात ठेवलंत?'

'गार आहे ना? हात लावून बघ.'

'सर, शेवाळ उन्हावर रांधतं. इथे चूल पेटणार कशी?'

उन्हावर रांधतं, हे तू सांगितलं होतंस, मान्य. पण उन्हाळा यांना मारतो हेही तूच सांगितलं होतंस! एकाच जिवाला ऊन पाहिजे आणि उष्मा नको, हा हट्ट कत्तिरीच्या दिवसांत, तंजावरात, एकट्या माणसाने पुरवायचा कसा? याचं उत्तर तुझ्याकडे होतं का? असेल तर नळी नाकात असताना तेवढं तरी सांगायचंस.

टँक आता मागच्या उत्तरेच्या ओसरीवर आहे. उजेड आहे, थेट ऊन नाही, पाण्यावर टेबलफॅन लावला आहे, पेटीभोवती ओलं गोणपाट. कयल म्हणाली, अशी वाफ होत राहिली की पाणी निवतं. मग तिने पिशवीतून पाण्यातलं मीठ मोजायची, नळीसारखी एक छोटी दुर्बीण काढली. तिच्या काचेवर टँकमधल्या पाण्याचा थेंब टाकला, उजेडाकडे धरून डोळा लावला आणि माझ्याकडे पाहिलं.

'सर, पाणी कमी झालं की वरून काय घालत होता?'

'काय म्हणजे? समुद्राचं पाणी. नागपट्टणमचं. गोड्या पाण्याचा एक थेंब पडू दिला नाही मी.'

मला वाटलं, शाबासकी मिळेल.

'अय्यो सर! वाफ होऊन जातं ते गोडं पाणी. मीठ मागेच राहतं. त्यात आणखी खारं पाणी घालत गेलात तर…'

पुढचं तिने सांगायची गरजच नव्हती, दर खेपेला पाणी मीच आणखी खारट करत गेलो होतो. गोडं ते गोड्यात, खारं ते खाऱ्यात, दोघांची गाठ पडू द्यायची नाही, हे आपल्या भातकऱ्यांच्या रक्तातच आहे. त्याच रक्ताने घात केला. इतकी वर्षं तू टँकमध्ये तांब्याने विहिरीचं पाणी घालताना मी पाहत होतो आणि मनात म्हणत होतो, म्हातारी वेंधळी होत चालली आहे.

तिने गोडं पाणी अगदी थोडं थोडं करून घातलं. मग एक बाटली काढली. कॉलेजातल्या समुद्रफुलांचं शेवाळ घेऊन आली होती, दिसायला गढूळ कॉफी. ती टँकमध्ये ओतून म्हणाली, 'हे गिळतील, सर, पण पचवणार नाहीत. आत ठेवून घेतील. नशीब असलं तर.' मी विचारलं, झिंगा खाऊन टाकायचा आणि हे मात्र ठेवून घ्यायचं, हे यांना कळतं कसं? ती म्हणाली, मॅडमही वर्गात हेच विचारायच्या, आणि मग उत्तर न देता आमच्याकडे बघत बसायच्या.

इथवर सगळं ठीक होतं. मी शरमलो होतो, पण ठीक होतं. मग मी विचारलं, 'कॅन रिकामे झालेत. नागपट्टणमला कधी जाऊ?'

'नागपट्टणमला कशाला, सर? समुद्राचं मीठ पाकिटात मिळतं. गाळलेल्या पाण्यात कालवायचं. मॅडम कॉलेजात नेहमी तेच वापरायच्या.'

'आणि घरी?'

पोर ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मी पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाली, 'घरीही चाललं असतं, सर. पण मॅडम म्हणायच्या, माझ्या तंबीला, शामूला, महिन्यातून एकदा तरी घराबाहेर काढायला दुसरा उपाय नाही. म्हणून त्याला सांगते, समुद्राचंच पाणी पाहिजे.'

पाकिटात मिळतं, अक्का! पाकिटात!

कमळा गेल्यावर मी अंथरूण धरलं होतं, हे खरं. दाढी नाही, अंघोळ नाही, शेताकडे फिरकणं नाही, वासूचा फोन वाजून वाजून बंद व्हायचा. बायको गेलेला माणूस असाच असतो, असं मी म्हणायचो. तेव्हा तू राहायला आलीस, म्हणे क्वार्टर सोडावं लागलं म्हणून. आता मला त्याचीही शंका येते. आणि आल्या आल्या सुरू: 'शामू, समुद्राचं पाणी पाहिजे. काठावरचं नको, नावेतून आत जाऊन आण.' मी म्हटलं, कोणा माणसाला पाठवू. तर, 'माणसास काय कळतं? तूच जा.' जसं काही मला कळत होतं!

ती बस आठव. तिरुवारूरवरून नागपट्टणम, येताना पायांत ते निळे कॅन. कंडक्टर दर खेपेला वेगळा आणि संशय दर खेपेला तोच: 'पेरियवर, यात दारू आहे काय?' एकाने तर बूच उघडून तोंडच लावलं आणि अख्ख्या बससमोर थुंकत राहिला. त्या आरोक्यम कोळ्याच्या नावेत पहिल्या खेपेला मला ओकारी झाली. दुसऱ्या खेपेलाही. मग तो मला नावेत चढण्याआधी सुंठेची कॉफी पाजू लागला. मग त्याच्या मुलीच्या लग्नाला मी गेलो, मग तो आपल्या शेतातल्या कापणीला आला. वारा कुठला, भरती कधी, सून कशी वागते, सगळं आम्ही बोलायला लागलो. घरी यायचो तो भुकेने कासावीस, आणि तू ताट वाढून बसलेली. ते ताट रिकामं करताना मला वाटायचं, म्हातारीसाठी मी केवढं करतो आहे!

जागा माझी आणि रांधणं तुझं. कमळामागे मी जगलो तो तुझ्या हातचं खाऊन जगलो, अक्का. हे मी तुला कधी म्हटलं नाही आणि तू कधी ऐकवलं नाहीस. ऐकवायला काय झालं होतं? चारचौघी बहिणी उठता बसता ऐकवतात. तूही ऐकवलं असतंस तर मी चिडलो असतो, उलटून बोललो असतो, आणि निदान तू हयात असताना मला कळलं तरी असतं.

आता खरं सांगतो, कारण तुला कळणारच. तू गेल्यापासून मी एकदा जेवतो. तेही जमलं तर, दहीभात, उभ्या उभ्या, भांड्यातूनच. शेतावर जात नाही. घराबाहेर पडलो तो फक्त नागपट्टणमला, टँकला पाणी लागतं म्हणून. काल झिंग्यांचा ड्रॉपर हातात धरला तर फुलाच्या तोंडाचा नेमच लागेना. तेव्हा लक्षात आलं की सकाळपासून माझ्याच पोटात काही नाही. त्या पांढऱ्या फुलांना भरवून झाल्यावर मी दोन इडल्या खाल्ल्या. टँक नसता तर त्याही खाल्ल्या नसत्या.

तुला हे इस्पितळातच ठाऊक होतं. म्हणूनच 'कयलकडे देऊ नको इतक्यात.' तुला समुद्रफुलांची काळजी नव्हतीच! मरता मरताही माझ्याच मागे लागली होतीस.

निघताना कयल म्हणाली, तुतिकोरीनहून निरोप आहे, यंदाही पाणी तापलं आहे आणि बेटांभोवती पुन्हा पांढरं दिसायला लागलं आहे. मी तिच्यावरच डाफरलो. इथे मी ड्रॉपर घेऊन उभा तरी आहे. तिथे एवढ्या समुद्रात कोण कोणाला भरवणार? 'मग तुम्ही लोक करता काय?'

'जी तग धरतात ती हेरून ठेवतो, सर. पाणी निवलं की त्यांचे तुकडे दुसरीकडे नेऊन लावतो.'

'लावणी?'

'लावणीच.'

लावणी मला कळते. पण भाताची लावणी पाणी बघून करतात. तापल्या पाण्यात रोप लावणाऱ्याला आपण वेडा म्हणू. हे मी तिला म्हटलं, तर ती म्हणाली, 'म्हणून तर सर, पाणी तापवणं आधी थांबायला पाहिजे,' आणि छत्री उघडून उन्हात गेली. समोरच्या घराने खोलीखोलीत एसी लावले आहेत, त्यांची गरम हवा आपल्या अंगणात येते. मला जाऊन त्यांच्यावर ओरडावंसं वाटलं. पण कालच मी वासूला फोन करून विचारलं होतं, टँकसाठी एक एसी घ्यावा का म्हणून! आता कोणावर ओरडू? 'असक्यांची' म्हणून गेलीस ना, तुझं काय जातंय?

तर ठरवलं. सगळी मी देणार नाही. जी अगदी निपचित पडली आहेत, ती रविवारी कयलबरोबर जातील, तिथे त्यांची नीट शुश्रूषा होईल. जी जरा दांडगी आहेत ती माझ्याकडे राहतील, माझ्या चुका सोसायला तशीच पाहिजेत.

तुला वचन लागेल, मला माहीत आहे. घे. टँक उजेडात राहील आणि गार राहील, वरून गोडंच पाणी पडेल. रंग परत आला तर उत्तम. नाही आला तर पांढरीच्या पांढरी भरवत राहीन. त्यांना भरवण्याआधी मी जेवीन, ताट घेऊन, पाटावर बसून. आणि नागपट्टणमला जाईन. कयलने मिठाची पाकिटं आणून दिली तरी जाईन. पाण्याची गरज नाही हे आता मला ठाऊक आहे, तू मला इतकी वर्षं बनवलंस हेही ठाऊक आहे, तरी कॅन घेऊन महिन्याच्या महिन्याला जाईन.

फक्त एक गोष्ट राहिली. मी आलो की तू कॅन उजेडाकडे धरायचीस, नीट निरखून बघायचीस आणि म्हणायचीस, 'बेश पाणी आणलंस रे, शामू.' नको असलेलं पाणी, आणि दर वेळी एवढ्या खुशीने! पुढच्या महिन्यात मी कॅन आणून ओसरीवर ठेवीन, तेव्हा ते कोण म्हणणार? एवढं सगळं योजून ठेवलंस, मग याची काही सोय करून जायचं तुला सुचलं कसं नाही?

तुझा,
भांडण अजून न मिटवलेला,
शामू